उलटे झालेले उदाहरण



तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर कधी ना कधी चाचणी सोडवली असेल. उत्तर बरोबर आले की पडद्यावर हिरवी खूण उमटते, चुकले की लाल. लाल खूण दिसली की आपण मनात म्हणतो, "चुकले!" आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण ती खूणच चुकीची असेल तर? आज मी तुम्हांला अशाच एका लाल खुणेची गोष्ट सांगणार आहे.

मी पनवेल तालुक्यातील ओवे गावात राहतो. खारघरच्या उंच इमारती आता आमच्या गावाला येऊन भिडल्या आहेत. दुसरीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. गावातील कित्येक माणसे तेथे कामाला जातात आणि रात्री घरी परततात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या. २०२१ च्या जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तरी प्राथमिक वर्गांची दारे उघडली नव्हती. एके दिवशी उर्दू प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या चार शिक्षिका माझ्या घरी आल्या. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ बाईंना आम्ही सारे 'बडी आपा' म्हणतो. सलाम-दुआ झाल्यावर त्या म्हणाल्या, "बेटा, मोबाइलच्या गटावर आम्ही अभ्यास पाठवतो. मुले उत्तरांचे फोटो पाठवतात. त्यातच कोणी लग्नाचे निमंत्रण टाकतो, कोणी हवामानाची बातमी. कोणाचा अभ्यास आला आणि कोणाचा नाही, हे शोधताना डोळे दुखतात. तू संगणक शिकला आहेस. काही मार्ग काढ."

मार्ग होता. शाळेतील फळा, हजेरीपट, गृहपाठाच्या वह्या आणि गुणपत्रक हे सारे एका ठिकाणी ठेवणाऱ्या संगणकीय व्यवस्था असतात. त्यांतील 'मूडल' नावाची व्यवस्था मला माहीत होती. मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने ती तयार केली आणि २००२ साली तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. ती वापरायला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. गंमत अशी, की डुगियामास यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले. शाळा फार दूर होती, म्हणून ते रेडिओवर धडे ऐकून शिकले. शाळेपासून दूर राहिलेल्या मुलानेच पुढे दूरच्या मुलांसाठी शाळा उभारण्याचे साधन जगाला दिले.

मूडल फुकट असले, तरी ते ठेवायला इंटरनेटवर जागा लागते. आम्ही पाचजणांनी वर्गणी काढून वर्षभरासाठी थोडी जागा भाड्याने घेतली. मी तीन रात्री जागून सर्व काही मांडले. चर्चेसाठी वेगळी चौकट, सूचनांसाठी वेगळी, शब्दसंग्रहासाठी आणखी एक. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला. पण आठ दिवसांनी पाहतो तो काय, एकाही शिक्षिकेने एकही धडा चढवला नव्हता!

मी जरा रागानेच विचारले. बडी आपांनी शांतपणे पिशवीतून आपली टाचणवही काढून माझ्यासमोर ठेवली. "बेटा, माझा वर्ग या वहीत आहे. सोमवारी काय शिकवायचे, मंगळवारी काय, गृहपाठ कोणता. तुझ्या पडद्यावर तीस दारे आहेत. माझा वर्ग कोणत्या दाराने आत न्यायचा, ते मला कळत नाही."

माझी चूक माझ्या ध्यानात आली. मी यंत्र पाहिले होते, वर्ग पाहिला नव्हता. मी बऱ्याच चौकटी काढून टाकल्या. टाचणवहीत जसा एका आठवड्याचा एक भाग असतो, तसा पडद्यावरही एक भाग ठेवला. त्यात तीनच गोष्टी होत्या : धडा, गृहपाठ आणि चाचणी. मग चौघींनी एकेक धडा स्वतःच्या हाताने चढवला. मी बाजूला बसून राहिलो. उंदराला, म्हणजे माऊसला, हात लावला नाही. त्या चुकल्या, पुन्हा केले आणि शिकल्या.

आता दुसरी अडचण आली. चाचणी संध्याकाळी पाच वाजता बंद होईल, असे मी ठरवून ठेवले होते. पहिल्याच दिवशी निम्म्या वर्गाच्या नावापुढे 'अनुपस्थित' अशी नोंद झाली. मुले आळशी होती का? नाही. घरात एकच मोबाइल, आणि तो अब्बांच्या खिशात. अब्बा तळोज्याच्या कारखान्यातून परतत रात्री आठला. आम्ही चाचणी तीन दिवस उघडी ठेवू लागलो. एवढ्याशा बदलाने गैरहजर मुले हजर झाली.

तिसरी अडचण आपल्या लिपीची होती. बडी आपांनी अनेक वर्षे 'इनपेज' या आज्ञावलीत सुंदर प्रश्नपत्रिका तयार केल्या होत्या. उर्दू नस्तालीक लिहिण्यासाठी १९९४ मध्ये आलेल्या या आज्ञावलीने छपाईचे काम किती सोपे केले, हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पण जुन्या इनपेजमध्ये अक्षरे साठवण्याची पद्धत वेगळी होती. तेथला मजकूर उचलून मूडलमध्ये ठेवला, की उर्दूऐवजी भलतीच चिन्हे दिसत. शेवटी आपांनी कागदावर स्वच्छ अक्षरांत प्रश्न लिहिले आणि त्यांची छायाचित्रे चढवली. चाचणीचे प्रश्न मात्र त्या मोबाइलवरच्या उर्दू कळफलकाने नव्याने लिहू लागल्या.

आणि आता ती लाल खूण.

तिसरीच्या वर्गाची वजाबाकीची चाचणी होती. एका मुलीला एका प्रश्नात शून्य मिळाले. बाकीच्या बहुतेकांचे उत्तर ८ होते व ते बरोबर होते. या मुलीने चौकटीत आकडा लिहिलाच नव्हता. तिने उर्दूत एकच शब्द लिहिला होता : 'नहीं'.

मी म्हटले, "तिला प्रश्न समजला नसेल."

बडी आपा म्हणाल्या, "ती मुलगी गणितात कच्ची नाही. थांब, मी तिच्याशी बोलते." त्यांनी रात्री आठनंतर तिच्या अब्बांच्या मोबाइलवर फोन लावला. पलीकडून बारीक आवाजात उत्तर आले, "आपा, सातातून पंधरा कसे जाणार? तुम्हीच म्हणाला होतात, लहान संख्येतून मोठी जात नाही."

आम्ही चाचणी उघडून पाहिली. आपांनी लिहिले होते '१५ - ७'. पण पडद्यावर दिसत होते '७ - १५'! असे का झाले? उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. आपांचे उदाहरण उर्दू वाक्याच्या मध्ये होते. संगणकाने प्रत्येक संख्या नीट ठेवली, पण दोन संख्यांचा क्रम वाक्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून लावला. वर्गात मात्र आपा फळ्यावर उदाहरण डावीकडून उजवीकडे लिहीत आणि मुलेही तसेच वाचत. म्हणून पंधरातून सात वजा करण्याऐवजी सातातून पंधरा वजा करा, असा प्रश्न मुलांसमोर गेला. बाकीच्या मुलांनी सवयीने मोठ्या संख्येतून लहान वजा केली आणि ८ लिहून मोकळी झाली. साऱ्या वर्गात एकाच मुलीने समोर जे होते ते नीट वाचले होते. आणि यंत्राने तिलाच शून्य दिले होते!

आपांनी तिचे गुण दुरुस्त केले आणि गटावर सर्वांसमोर लिहिले, "या प्रश्नात चूक माझी होती. ती आमच्या एका विद्यार्थिनीने पकडली." त्या दिवसापासून आम्ही उदाहरण वाक्यात न घालता वेगळ्या ओळीवर लिहू लागलो आणि त्या ओळीची दिशा डावीकडून ठरवू लागलो. चाचणी मुलांना देण्यापूर्वी ती विद्यार्थी म्हणून एकदा उघडून पाहायची, हा नियमही केला.

मित्रांनो, अशी कामे आपल्या महाराष्ट्रात इतरांनीही केली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी हे एक लहान गाव. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. मुलांची घरची भाषा कन्नड असल्याचे पाहून ते स्वतः कन्नड शिकले. त्यांनी पाठ्यपुस्तकांत चौकोनी संकेतचित्रे, म्हणजे क्यूआर कोड घातले. मोबाइल त्यांच्यासमोर धरला, की कविता ऐकू येई, धडा पाहता येई. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांच्या या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. यंत्र हाती घेण्याआधी त्यांनी मुलांची भाषा हाती घेतली, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या त्या शिक्षिका आता मला फारसे काही विचारत नाहीत. उलट, नव्याने आलेल्या शिक्षकांना त्याच शिकवतात. शाळा केव्हाच उघडल्या, तरी आठवड्याचा गृहपाठ अजूनही पडद्यावर असतो. बडी आपांची टाचणवही मात्र पिशवीतच असते. नव्या शिक्षकाला त्या आधी ती वही दाखवतात आणि मग संगणक.

तुम्हांला उद्या कधी लाल खूण दिसली, तर प्रथम आपले उत्तर पुन्हा तपासा. प्रश्नही पुन्हा वाचा. तरीही मन म्हणाले, की आपण बरोबर आहोत, तर गप्प बसू नका. आपल्या शिक्षकांना जाऊन सांगा. तिसरीतल्या त्या मुलीने फोनवर दोन वाक्ये बोलून आम्हां पाच शिक्षकांना शिकवले. तुम्हीही आम्हांला शिकवू शकता.