डिसेंबरचा ताळेबंद



उणकलची थंडी आमच्या हुबळीच्या बाजारातल्या थंडीपेक्षा थोडी निराळी. तळं जवळ, घरं विरळ. डिसेंबरात पहाटे तळ्यावर वाफ निघाल्यासारखं धुकं दिसतं. पाणी रात्रभर कोमट राहतं आणि वरची हवा गार होते, म्हणून. दूधवाला हात चोळत म्हणतो, "चळी भाळ ऐतरी." पण भाळ म्हणजे किती? ते कळावं म्हणून मागच्या अंगणात आठ वर्षांपासून कमाल-किमान तापमापक टांगलाय. जमिनीपासून चार फूट उंच, भिंतीपासून लांब, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत. रोज सकाळी सात वाजता रात्रीचा किमान आकडा वहीत चढतो.

यात हौस थोडी आणि गरज जास्त. आमच्या सौ.ला दमा आहे. नुसती थंडी तिला सोसते, स्वेटर-मफलर असतो. सोसत नाही ती एका रात्रीत पडलेली थंडी. आणि नेमका तेव्हाच धनुर्मास येतो. पहाटे उठून मुगाची हुग्गी, बाजरीची भाकरी, लोणी, नैवेद्य सूर्योदयाच्या आत. चाळीस वर्षांत तिने तो चुकवला नाही.

2024 च्या 30 नोव्हेंबरला मी ठरवलं, संपूर्ण डिसेंबरचा अंदाज आधीच लिहून ठेवायचा आणि महिनाअखेर टॅली करायचा. एकतीस दिवसांचं किमान तापमान, रोज एक आकडा, पेनने. दोन अंशांच्या आत आलं तर बरोबर. त्याच दिवशी फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागत होतं. त्याचे ढग आपल्याकडे येणार हे उघड होतं. ढग म्हणजे आभाळाची गोधडी. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते, ढग ती बरीचशी परत देतात. म्हणून पहिल्या आठवड्याला मी उबदार रात्री लिहिल्या आणि पुढे हळूहळू आकडा उतरवत नेला.

पण बँकेत एकट्या खात्याकडे बघून काही कळत नाही, शेजारी ताडून बघायला दुसरं हवं. म्हणून आणखी दोन रकाने आखले. एकात रोज 15, कारण माझ्या वहीत डिसेंबरची सरासरी तेवढी येते. दुसऱ्यात काल जे होतं तेच आज. त्याला अक्कल लागत नाही, फक्त कालचं पान लागतं.

31 तारखेला हिशेब मांडला. माझा अंदाज 18 दिवस बरोबर, सरासरीचा 17, 'कालचंच आज'चा 24! माझ्या अठरातले नऊ पहिल्या दहा दिवसांतले. त्यानंतरच्या एकवीस दिवसांत माझे नऊ, तर नुसत्या 15 चे बारा. म्हणजे वादळाची बातमी होती तोवर माझ्या आकड्यांना आधार होता. पुढे बिनडोक सरासरी सरस. हवामान खातंसुद्धा महिन्याचा अंदाज देताना तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी, एवढंच सांगतं. 17 तारखेच्या पहाटे किती, ते सांगत नाही. का नाही, ते वहीनेच दाखवलं.

इथे अमेरिकेतली 1884 ची एक गोष्ट सांगतो. फिनली नावाच्या लष्करी हवामान अधिकाऱ्याने चक्रवाताचे 2803 अंदाज केले आणि 96.6 टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने हिशेब तपासला. रोज डोळे मिटून 'चक्रवात नाही' म्हटलं असतं तर 98.2 टक्के बरोबर आले असते! तरी अशा अंदाजाचा उपयोग शून्य, कारण ज्या दिवशी घर उडणार त्या दिवशी तो गप्प.

माझ्या 24 ची गत तीच. जे सात दिवस 'कालचंच आज' फसलं ते सगळे बदलाचे दिवस. चार वेळा पारा एकदम चढला, तीन वेळा एकदम उतरला. एका रात्रीत तर 18 वरून 13. त्या तीन उतरत्या पहाटांपैकी दोन पहाटे सौ.ला पंप ओढावा लागला. एकदा तर हुग्गीचं पातेलं गॅसवर आणि ही ओट्याला धरून उभी. एकतीसपैकी चोवीस म्हणजे पासच नव्हे, फर्स्ट क्लास. पण घरात महत्त्वाच्या होत्या त्या तीन पहाटा.

मी हे सगळं तिला समजावून सांगत होतो. ती शेंगा सोलत म्हणाली, "अहो, महिन्याचं राहू द्या. उद्याचं सांगा. पाचला उठू की सहाला?"

एवढ्या रकान्यांत मला जो प्रश्न सापडला नव्हता तो हिने एका वाक्यात मांडला. जानेवारीपासून अंदाज रात्री आठ वाजता, फक्त उद्याचा, आणि एकच प्रश्न: उद्या पारा दोन अंशांपेक्षा जास्त उतरेल का? त्यासाठी तीन गोष्टी बघतो. ढग निघून चांदण्या स्वच्छ दिसतात का, वारा पडलाय का, आणि आठ वाजताचा आकडा कालच्या आठपेक्षा किती खाली आहे. त्या जानेवारीत पारा सहा वेळा असा उतरला, चार वेळा आदल्या रात्री कळलं. एकदा उगाच धास्ती घेतली. एक दिवस हुग्गी तासभर उशिरा झाली, एवढंच नुकसान.

टक्केवारी बघाल तर हा अंदाज आता कुणाला सांगण्यासारखा नाही. सहात चार! पण कळलेल्या त्या चार रात्री आधीच खिडक्या लागल्या, पंप उशाशी आला, आणि सकाळी पातेल्याशी मी उभा राहिलो. हुग्गीत मिरे जरा जास्त पडले, अशी तक्रार मात्र चारही वेळा आली.