चित्राखालचें नांव

बाणासुराची कन्या उषा हिला स्वप्नांत एक तरुण दिसला, आणि जाग आल्यावर तिच्यापाशीं उरला तो केवळ चेहरा. नांव नाहीं, गांव नाहीं, कुळाचा पत्ता नाहीं. तेव्हां तिची सखी चित्रलेखा हिनें देव, गंधर्व व मनुष्य यांतील एकेकाचें चित्र काढून तिच्यापुढें ठेवण्यास आरंभ केला. आणि अनिरुद्धाच्या चित्रावर नजर पडतांच उषेनें लाजून मान खालीं घातली. भागवतांतील ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. ग्रीक लोकांत चित्रकलेच्या उगमाची जी कथा सांगतात ती निराळी आहे. कॉरिंथ येथील एका कुंभाराच्या मुलीनें, परदेशीं निघालेल्या आपल्या प्रियकराची दिव्याच्या उजेडांत भिंतीवर पडलेली सावली रेखून ठेविली, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहिलें आहे. त्या मुलीला माणूस ठाऊक होता. त्याची आकृति मागें राहावी, एवढीच तिची इच्छा. आपल्या उषेजवळ चेहरा होता. तो कोणाचा, हें तिला हवें होतें.

या दोन कथा शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे व्यक्तिचित्राचे दोन भाग स्पष्ट दिसूं लागतात. एक चेहरा, व दुसरें त्या चेहऱ्याखालचें नांव. पहिल्या भागाविषयीं जाणत्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेंत चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत ‘सादृश्य’ हें एक आहेच. दुसऱ्या भागाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. चेहऱ्याबद्दल चित्रकार जबाबदार असतो. नांवाबद्दल कोण, असा प्रश्न अलीकडे घरच्याच एका प्रसंगानें माझ्यापुढें उभा राहिला, आणि त्या निमित्तानें जें कांहीं मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें गांव अंतरवाली सराटी हें जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या खोऱ्यांत आहे. त्याच नदीच्या कांठीं वरच्या अंगास पैठण, म्हणजे सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी. या सातवाहनांनीं कोंकणांतून वर येणाऱ्या वाटेवर, जुन्नरजवळच्या नाणेघाटांत, एक लेणें कोरविलें आणि त्याच्या भिंतीवर आपल्या घराण्यांतील व्यक्तींच्या प्रतिमा उठविल्या. प्रतिमांच्या वर ब्राह्मी लिपींत नांवें कोरलीं: राजा सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णि, कुमार अमुक आणि महारठी तमुक. सुमारें दोन हजार वर्षांनंतर आज तेथें जाऊन पाहावें, तर प्रतिमा नष्ट झाल्या आहेत. पावलांच्या खुणा काय त्या उरल्या आहेत. नांवें मात्र अजून वाचतां येतात. नागनिका राणीचें नाक सरळ होतें कीं बसकें, हें कोणीच सांगूं शकणार नाहीं; पण ती तेथें उभी होती, हें नक्की.

याच्या उलट प्रकार नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या नाण्यांत दिसतो. १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं त्या सांठ्यांत होतीं, आणि त्यांवर क्षत्रप नहपान याच्या मुखाचा ठसा होता. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केल्यावर त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक नाणीं गोळा करून त्यांवर आपला ठसा पुन्हां मारला. म्हणून कित्येक नाण्यांवर हरलेल्या राजाचा गाल आणि जिंकलेल्या राजाचें नांव एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतें. नांव बदललें कीं चेहऱ्याचा धनी बदलतो, ही गोष्ट आमच्या राजांना फार पूर्वींच उमगली होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

हुबेहूब चेहरा टिपण्याचा खरा हव्यास आपल्याकडे मोगलांच्या काळांत वाढला. इराणच्या शहा अब्बासचें चित्र काढून आणण्यासाठीं जहांगीर बादशहानें १६१३ सालीं आपल्या वकिलातीबरोबर बिशनदास या चित्रकारास मुद्दाम पाठविलें. पुढें सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यास राजे व सरदार यांच्या चित्रांचे संग्रह तयार होऊन ते युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातीं पडले. अशाच एका संग्रहांतील ४९ चित्रें ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष विट्सेन याच्याकडे गेलीं. त्यांत छत्रपति शिवाजी महाराजांचेंही एक आहे आणि तें आज तेथील राइक्स म्यूझियममध्यें आहे. इकडे महाराष्ट्रांत मात्र भलत्याच एका मुसलमान सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून चालत आलें होतें. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं डच साधनांच्या आधारें महाराजांचें अस्सल चित्र शोधून काढलें, तेव्हां ही चूक उघडकीस आली. आधींच्या चित्राला ज्यांनीं हात जोडले त्यांची भक्ति खोटी होती असें कोण म्हणेल? ती महाराजांनाच पोंचली असेल. पण तेवढ्यानें बेंद्र्यांचे श्रम व्यर्थ ठरत नाहींत. भक्तीला कोणताही चेहरा चालतो. इतिहासाला तसें चालत नाहीं.

माणसास समोर बसवून विलायती पद्धतीनें त्याचें चित्र काढणें पुण्यानें पाहिलें तें सवाई माधवरावांच्या अमदानींत. १७९२ सालीं जेम्स वेल्स नांवाचा स्कॉच चित्रकार इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयानें पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचें त्यानें काढलेलें एकत्र चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे, आणि नानांची जी उभट मुद्रा आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती त्याचीच देणगी आहे. मग १८५७ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून मुंबईस कलाशाळा निघाली, आणि पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद असे एकाहून एक सरस व्यक्तिचित्रकार पुढें आले. इतकी विद्या वाढली, तरी नांवाचा घोटाळा कांहीं संपला नाहीं. हातांत दिवा धरून ज्योतीवर तळहाताचा आडोसा केलेल्या तरुणीचें म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील चित्र वाचकांनीं निदान छापील स्वरूपांत पाहिलेलेंच असेल. तें सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनीं जलरंगांत काढलें, आणि त्यांतील तरुणी ही त्यांची मुलगी गीता. परंतु तें चित्र राजा रविवर्म्याचें आहे असें ठासून सांगणारे सुशिक्षित लोक मला आजही भेटतात. बापानें मुलीकडे इतक्या मायेनें पाहिलें. आणि लोकांनीं बापाचेंही नांव पुसलें व मुलीचेंही.

आतां घरच्या प्रसंगाकडे वळतों. आमच्या गांवांतील जुन्या घरांत बैठकीच्या भिंतीवर छताखालीं फोटोंची एक रांग असते. फेटे बांधलेले, मिशा पिळलेले, जिल्ह्याच्या गांवीं जाऊन काढविलेले; खालीं ‘कै.’ लावून नांव आणि तिथि. त्या पिढीच्या बायका या रांगेंत क्वचितच. असल्या तर नवऱ्याच्या शेजारीं, कपाळापर्यंत पदर ओढून. अशा या गांवांत २०२३ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या मागणीसाठीं उपोषण सुरू झालें, आणि देशभरचे कॅमेरे आमच्या वेशीशीं येऊन उभे राहिले. त्या प्रश्नाच्या चर्चेचें हें स्थळ नव्हे. मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ज्यांचा जन्मांत एखाददुसरा फोटो निघाला असेल अशा म्हाताऱ्यांचे चेहरे त्या दिवसांत घरोघरीं पोंचले, आणि त्यांखालीं शब्द असे ते ‘ग्रामस्थ’ किंवा ‘आंदोलक’. त्याच सुमारास निजामी अमदानींतील जुन्या दप्तरांतून पणजोबा-खापरपणजोबांचीं नांवें शोधण्याची एकच धांदल उडाली. एकीकडे नांवावांचून चेहरे, दुसरीकडे चेहऱ्यावांचून नांवें! आमच्याही घरीं एका जुन्या कागदाची नक्कल आली. माझ्या वडिलांचें वय त्या वेळीं ८२ वर्षांचें होतें. त्यांनीं ती माझ्याकडून दोनदां वाचून घेतली आणि म्हणाले, “बाप्यांचीच नांवं हायेत समदी. आमच्या मायचं ना कुठं नांव हाये, ना फोटो.”

माझी आजी १९७२ च्या दुष्काळांत वारली. मी तेव्हां तीन वर्षांचा होतों. तिचा चेहरा मला आठवत नाहीं. दादांनीं मनावर घेतलें कीं, डोळे मिटण्यापूर्वीं तिचें चित्र भिंतीवर लागावें. आमच्याच बाजूचे चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना बोलावणें गेलें, आणि दादांची धाकटी बहीण, माझी आत्या, हिलाही आणविलें.

गुरुजींची रीत पाहण्यासारखी होती. त्यांनीं प्रथम कागदावर एक लांबट वर्तुळ काढून त्याच्या मध्यावर डोळ्यांची रेघ ओढली. भुंवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत व तेथून हनुवटीपर्यंत सारखें अंतर धरलें. एवढें सर्वांचें सारखें असतें, म्हणाले. पुढचें तुम्हीं सांगायचें. नाक कसें होतें, असें त्यांनीं एकदांही विचारलें नाहीं. ‘कोणासारखें होतें?’ असें विचारीत. मग घरांतल्या माणसांना एकेक करून समोर बसवावयाचें, आणि दादांनीं व आत्यानें म्हणावयाचें, ‘हिच्यापरीस रुंद’, ‘याच्यासारखंच, पण खालीं दबलेलं’. पहिल्याच संध्याकाळीं भांडण झालें. दादा सांगत ती भरल्या गालांची, हंसऱ्या डोळ्यांची बाई. आत्या सांगे ती गाल बसलेली व डोळे खोल गेलेली. आत्यानें आईचें शेवटचें दुखणें काढलें होतें. दादांच्या मनांत विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येणारी आई कायम राहिली होती. गुरुजींनीं पेन्सिल खालीं ठेविली आणि म्हणाले, “तुम्ही दोघं दोन बाया सांगतां. मला एकच काढतां येईल.” शेवटीं आत्याच्या लग्नांतली आई काढावी असें ठरलें, कारण तेवढी दोघांनाही सारखी आठवत होती. हनुवटीवरचें गोंदण कोठें, हें विचारतांच मात्र दोघांचीं बोटें आपआपल्या हनुवटीवर एकाच जागीं गेलीं.

माझा आक्षेप होता तो नांवाला. मी दादांना म्हटलें, “चित्र खुशाल लावा, पण खालीं आजीचें नांव घातलें तर पुढचीं मुलें तिला अशीच होती म्हणून धरतील, आणि अशी ती होती हें पाहून काढलेलें कोणीच नाहीं.” दादा चिडले. “नांवासाठींच तर काढाया लावलं! नांव न्हाई घालायचं, तर मग ती कोण?” मला आपलें म्हणणें आजही बरोबर वाटतें, पण त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. उत्तर गुरुजींनीं दिलें. सरकारी चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका आठवत असेल. आठवडी बाजार, पाणवठा, बैलगाडी. समोर कांहीं नसतां, आठवून काढावयाचें. ती परीक्षा घेणारा बाजाराशीं ताडून पाहत नाहीं, आणि मुलगाही आपण बाजारांत बसून काढलें असें म्हणत नाहीं. गुरुजींनीं चित्राखालीं आजीचें नांव ठळक लिहिलें आणि त्याखालीं बारीक अक्षरांत लिहिलें: ‘स्मरणचित्र. मुलाच्या व मुलीच्या सांगण्यावरून.’ शेवटीं तारीख व आपली सही.

दादांनीं चित्र हातांत घेतलें, खिडकीशीं नेलें आणि बराच वेळ पाहिलें. “नाक जरासं जाड झालंय,” एवढेंच बोलले. गुरुजींनीं तें तेथल्या तेथें दुरुस्त केलें. आत्या कांहीं बोलली नाहीं. तिनें आपल्या डोक्यावरचा पदर नीट केला. आतां त्या रांगेंत फेट्यांच्या मध्यें एक आडवें कुंकू आहे. खालच्या दोन बारीक ओळी वाचणारा वाचील. वाचील त्याला ही बाई कोण हें कळेल, आणि हें कोणाच्या भरंवशावर सांगितलें तेंही कळेल. नाणेघाटांतल्या शिलालेखाहून व जोगळटेंभीच्या नाण्याहून आमचा हा कागद एवढ्या एका बाबतींत अधिक सांगतो, असें मला वाटतें.

आजकाल प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलमध्यें हजारों चेहरे असतात. ते काढावयास कोणाला संध्याकाळ मोडावी लागत नाहीं, कीं ‘कोणासारखें’ असें विचारावें लागत नाहीं. त्या सुखाला नांवें ठेवण्याचा माझा विचार नाहीं. परंतु त्यांतील किती चेहऱ्यांपाशीं नांव लिहिलेलें आहे? आणि घरांतल्या पत्र्याच्या पेटींत जे जुने फोटो पडले आहेत, त्यांतील कडेला उभी असलेली ती परकरी मुलगी कोण, हें सांगणारें माणूस किती घरांत अजून हयात आहे? असेल तर वाचकांनीं उद्यांवर न टाकतां त्याच्याजवळ बसावें, विचारावें आणि फोटोच्या पाठीमागें नांव व सांगणाऱ्याचेंही नांव लिहून ठेवावें. शिसपेन्सिलीनें लिहावें, शाई कधीं कधीं पुढें चेहऱ्यावर उमटते.