इंजिनाचा द्वारपाल

वैशाखात जळगावचा पारा कित्येकदा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याकडे धावणाऱ्या मोटारीत पाण्याची वाट अडविणारी थर्मोस्टॅटची झडप हवीच कशाला, असे म्हणून कोणी ती काढूनच टाकतो. बिचारी झडप! तिच्या पोटातील मेण बहुधा ८२ अंशांच्या सुमारास वितळून फुगू लागते आणि रेडिएटरची वाट उघडते. तापलेल्या इंजिनात ती पाणी अडवीत नाहीच. शिवाय खानदेशात केवळ उन्हाळाच असतो काय? पौषातील पहाटे धुळ्याचा पारा कधी कधी १० अंशांखाली उतरतो. झडपेवाचून तेव्हा इंजिन लवकर तापत नाही, इंधन अधिक जळते, सिलिंडर झिजतात. झडप मिटलेलीच अडकून राहिली, तर मात्र पाणी उकळते; मग ती बदलावी लागते.