गावठी कुत्र्याची पिशवी कुठली?

फोंड्याच्या बाजारात कुत्र्या-मांजरांचं सामान विकणारं एक दुकान आहे. आमच्या काळूसाठी खाणं बघावं म्हणून गेल्या महिन्यात ऑफिसातून येताना तिथं डोकावलो. भिंतभर पिशव्या! लॅब्राडोरची वेगळी, जर्मन शेफर्डची वेगळी, पगची वेगळी, शित्झूची वेगळी. त्यात पुन्हा पिल्लाची, मोठ्याची आणि म्हाताऱ्याची. काउंटरवरच्या मुलानं आदबीनं विचारलं, "ब्रीड कुठली, सर?" म्हटलं, "गावठी." बिचारा घुटमळला. गावठीची पिशवी त्याच्याकडे नव्हती. शेवटी म्हणाला, "मग कुठलीही चालेल."

घरी येऊन हा किस्सा सांगितला, सगळे पोट धरून हसले. मी मात्र फार वेळ हसू शकलो नाही. कुत्र्याच्या खाण्याच्या बाबतीत एकदा मी अतिशहाणपणा केलाय, आणि त्याची किंमत एका मुक्या जिवानं मोजलीय.

२००९ साली आमच्याकडे टायगर आला. अल्सेशियन, दीड महिन्याचा, कान अजून पडलेले. मोठ्या हाडापेराचा कुत्रा, त्याला कॅल्शियम भरपूर पाहिजे, असं ऐकीव ज्ञान होतं. मग काय! पिल्लाचं पिशवीतलं खाणं, वर रोज अंडं, वर दूध, आणि त्याच्याही वर दोन्ही वेळा कॅल्शियमचं सिरप. डॉक्टरांना विचारावं असं काही वाटलंच नाही. आपण तर चांगलंच करतोय ना? पाच-सहा महिन्यांचा होईतो त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वळले आणि तो लंगडू लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सिरप देता?" सिरपमुळेच झालं असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही, पण बाटली त्याच दिवशी बंद केली. पाय मात्र पुरते सरळ झाले नाहीत. नऊ वर्षं तो आमच्या व्हरांड्याच्या तीन पायऱ्या एकेक करत चढला. मी घरी आलो की धावत यायचा, आणि पायऱ्यांपाशी थांबायचा.

म्हणून 'पूर्वीची कुत्री काय पिशवीतलं खायची?' असं कुणी म्हटलं की मी पटकन मान डोलवत नाही. आणि दुकानदार म्हणेल ती पिशवीही उचलत नाही. या दोहोंच्या मध्ये काहीतरी खरं असणार, एवढं कळत होतं. ते कुठं आहे, हे मला दाखवलं ते गोव्यापासून फार लांबच्या एका गावानं.

सौ.ची एक मावशी सावरगावला असते. हे सावरगाव मध्य प्रदेशातलं, नागपूरहून बैतूलच्या रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर. जाम नदीच्या एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. राज्य हिंदी, पण घराघरांत वऱ्हाडी वळणाची मराठी. आपल्याला हे गाव माहीत असतं ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दोन काठांची माणसं एकमेकांवर दगडांचा मारा करतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काही वर्षी माणसं दगावलीही आहेत. २०२४ च्या पोळ्याला आम्ही तिथं होतो. गोटमारीच्या दिवशी मावशींनी आम्हाला बाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दिवसभर घरात बसायचं म्हणजे गप्पा आल्याच, आणि मी टायगरची कथा सांगून बसलो.

मावशी ऐकून म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या गोव्यात कुत्र्याले बी बाजारातून खाणं आणा लागते? काऊन, घरी भाकर नाही होत का?"

मी ओशाळलो. पण थोड्या वेळानं पाहतो तर चुलीवर गुळाचा शिरा रटरटत होता. कणीक, गूळ, तेल. मला वाटलं आमच्यासाठी! मावशींनी तो जर्मनच्या चेपलेल्या गंजात काढला, निववला आणि मागच्या गोठ्यात नेला. बंडीच्या खाली गावातली एक कुत्री पाच पिल्लं घेऊन पडली होती. पाळलेली नव्हे, अशीच कुणाची तरी. मी म्हटलं, "मावशी, हे काय? भाकर पुरत नाही का तिला?"

"बाळंतीण हाय ते. पाच जीव पिऊन राह्यले तिले. कोरड्या भाकरीनं काय होते?" मग गव्हाणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "गाय व्याली की ढेप वाढवतो, भाकड झाली की कमी करतो. याच्यात शिकाचं काय हाय?"

मंडळी, वयानुसार आहार म्हणजे दुसरं काय असतं? पिशवीवर छापलेली ही कल्पना कुठल्याही कंपनीची नाही. ती गव्हाणीत पूर्वापार आहे. सरकीची ढेप कुणाला, नुसतं कुटार कुणाला, हे शेतकऱ्याघरच्या बाईला विचारावं लागत नाही.

पुढं मी त्या विषयाचं जमेल तेवढं वाचून काढलं. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट ते चौपट खाणं लागतं. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी आफ्को नावाची अधिकाऱ्यांची संघटना आहे. कुत्र्यांसाठी तिचे निकष दोनच : एक वाढत्या पिल्लांसाठी आणि गाभण-बाळंतिणीसाठी, दुसरा मोठ्या कुत्र्यासाठी. पहिल्यात किमान साडेबावीस टक्के प्रथिनं, दुसऱ्यात अठरा. म्हणजे मावशींची आणि आफ्कोची वर्गवारी एकच! ('सर्व वयांसाठी' असं लिहिलेलं खाणंही पहिल्याच निकषात बसावं लागतं.) म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वेगळा निकष नाही, आणि जातीनुसार तर नाहीच नाही.

पण वाढत्या पिल्लांमध्ये एक पोटभेद आहे, आणि तिथं मी अडखळलो. मोठेपणी ज्यांचं वजन सुमारे बत्तीस किलोंच्या वर जाणार, त्या पिल्लांच्या खाण्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा इतरांहून कमी ठेवलीय. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर अभ्यास झाले. त्यातून दिसलं की लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. जितकं घालाल तितकं शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडते. टायगरच्या बाटलीवर हे कुणी लिहिलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं.

मग भाकरीचं काय? भाकर कुत्र्याला पचते, यात शंका नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्यावर राहून कुत्रा भाकरखाऊ झाला. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ती गोष्ट मला यामुळे अधिकच आवडते.

पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, आणि शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम. वाढत्या पिल्लाच्या शंभर ग्रॅम कोरड्या खाण्यात ते निदान बाराशे मिलिग्रॅम हवं. म्हणजे नुसत्या भाकरीवर वाढलेल्या पिल्लाची हाडं टायगरच्या उलट कारणानं बिघडू शकतात. दिवाळीला मावशींना फोन केला तेव्हा पिल्लांची चौकशी केली. "दोनच जगली," त्या म्हणाल्या. कशानं गेली कोण सांगणार? पाऊस, जंत, रोग, उपासमार, काहीही असेल. पण 'गावठीला काही लागत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा जगलेल्या दोघांकडे बघून म्हणतो. न जगलेली तीन आपल्या हिशोबात नसतात.

राहिला जातीचा प्रश्न. कुत्र्याचं तयार खाणं १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं विकायला काढलं. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टनं पुढं १८९१ मध्ये स्वतःच्या नावानं श्वानप्रदर्शन भरवलं. ते आजही प्रसिद्ध आहे. जातीचा अभिमान आणि बिस्किटाचा डबा असे हातात हात घालून वाढले. तरीही जातीत काहीच तथ्य नाही असं नव्हे. डाल्मेशियनच्या शरीरात यूरिक आम्लाचा निचरा वेगळा होतो, त्याला मूतखडे होतात, म्हणून काळीज वगैरे जपून द्यावं लागतं. लॅब्राडोरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या जनुकात असा बदल असतो की त्यांची भूक शमतच नाही, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पण हे ठरावीक जातींचे ठरावीक दोष झाले. त्यासाठी डॉक्टर हवा. पिशवीवरचं चित्र तिथं पुरेसं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचंही तेच. मूत्रपिंड बिघडलं असेल तर खास आहारानं खरोखर फरक पडतो, पण तो त्या आजारासाठी. वाढदिवस मोजून खाणं बदलण्यात अर्थ नाही.

खरा फरक कशानं पडतो? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अठ्ठेचाळीस लॅब्राडोर जन्मभर पाहिले होते. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या, खाणं तेच, फक्त एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. हा अभ्यास एका खाद्य कंपनीनंच केला होता, हे विशेष. पिशवी कुठली यापेक्षा ओंजळ केवढी, हे महत्त्वाचं.

असो. काळू आता चार महिन्यांचा आहे. कदंबच्या बसमधून कुणीतरी सोडून गेलेलं पिल्लू. त्याच्यासाठी शेवटी जातीचं नाव नसलेली, 'वाढत्या पिल्लांसाठी' एवढंच म्हणणारी साधी पिशवी आणली. ती वर्षाचा होईपर्यंत. पुढं घरचा भात, काटे काढलेलं नुस्तें, अंडं असा बेत आहे, पण या वेळी डॉक्टरांना विचारून. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरी शिजवायच्या दोनशे पाककृती तपासल्या, तर शंभरातल्या पंच्याण्णवांत काही ना काही कमी निघालं. नुसत्या मायेनं ताट पुरं भरत नाही, हे मला आता ठाऊक आहे.

मावशींना हे फोनवर सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं केलं. लेकरू हाय ते अजून."

काल संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा काळू धावत आला. व्हरांड्याच्या तिन्ही पायऱ्या त्यानं एका उडीत ओलांडल्या.