बाईंनी शिकवलेली भूक

आहारशास्त्र शिकायला गेले तेव्हा भूक म्हणजे रिकामं पोट आणि जाडी म्हणजे जिभेवर ताबा नसणं, एवढीच माझी समज होती. ती बदलली शरीरक्रियाशास्त्राच्या बाईंमुळे.

1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी केलेला प्रयोग त्या फार मन लावून सांगत. कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले होते, तरी तिथे आम्ल सोडताच स्वादुपिंड पाझरू लागलं. मग स्टार्लिंगनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळून शिरेत टोचलं. स्वादुपिंड पुन्हा पाझरलं. निरोप रक्तातून जात होता! सिक्रेटिन हे हार्मोन असं सापडलं. मी ते वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं. खरं उमगलं पुढे, एका काकूंमुळे.

माझ्या तक्त्यावर काकूंचं वजन छान उतरलं होतं. वर्षभरात ते पुन्हा वाढू लागलं. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. भाकरी, आमटी, अर्धी वाटी भात, सगळं तारीखवार. "ताई, खोटं काही लिहिलेलं नाही. पण जेवून उठले तरी भूक जात नाही हो."

मला उत्तर सुचेना. बाईंना फोन केला. त्यांनी 2011 सालचा, मेलबर्नच्या संशोधकांचा निबंध वाचायला लावला. वजन उतरवलेल्यांच्या रक्तात वर्षानंतरही भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन चढलेलं होतं. पोट भरल्याचं सांगणारी पीवायवाय आणि सीसीके ही हार्मोन्स घटलेली होती. शरीर गेलेलं वजन परत मागत होतं.

काकूंना हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी हावरट नाही ना?"

हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल विचारायला बरेच जण येतात. जेवणानंतर आतड्यातून सुटणारं जीएलपी-1 हे हार्मोन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड त्याच्यासारखंच काम करतं, पण आठवडाभर टिकतं. ते थांबवलं की भूक परतते, हेही मी आधीच सांगते. बाईंचीच शिस्त ती, अर्धं सांगायचं नाही.

नव्या माणसाला वजनकाट्यावर उभं करण्याआधी मी विचारते, "जेवल्यावर किती वेळानं पुन्हा भूक लागते?" आणि जे उत्तर येईल ते खरं मानून कामाला लागते.