तीन महिने गुपित?

"तीन महिने कुणाला सांगू नकोस," सासूबाई मायेनं म्हणाल्या. पण मी आमच्या आशा कार्यकर्ती ताईंना आजच सांगितलं. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटते; त्यासाठी लागणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीनं मुहूर्ताची वाट का बघावी? उद्या दवाखान्यात तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, काढायचं. रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, सगळं तपासून घ्यायचं.

खरी काळजी वेगळीच. आमच्या निपाणीत किती बायका पोटुशी असतानाही मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात! तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटिन कातडीतूनही शिरतं. मी सूप बाजूला ठेवू शकले, कारण घरात दुसरी कमाई आहे. शेजारच्या वहिनींना तीही सोय नाही. त्यांनाही दिवस गेलेत. उद्या त्यांना सोबत घेऊनच जाणार.