डोळ्यांत तेल घालून केलेली काटकसर

आमच्या घरात हिशेबाची वही माझ्याकडे असते. लग्न होऊन १९९१ साली मी मिरजेहून येलहंकाला आले, तेव्हा सासूबाईंनी बरोबर दोन वस्तू दिल्या होत्या. एक पोळपाट-लाटणे आणि दुसरी ही वही. हे तेव्हाच्या व्हील अँड ॲक्सल प्लांटमध्ये, म्हणजे आताच्या रेल व्हील फॅक्टरीत नोकरीला होते. पगार बेताचा, पण वेळेवर. त्यात घरभाडे, गावाकडे पाठवायचे पैसे आणि पुढे लेकीचे शिक्षण बसवायचे, तर पै-पैचा हिशेब ठेवणे भागच होते. उरलेल्या भाताचे वडे, जुन्या चादरीच्या उशा, साबणाच्या चिपट्यांचा गोळा, यांत माझा हात कोणी धरला नसता. काटकसर हा माझा गुण होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्याच अभिमानाने मला एकदा चांगला फटका दिला. तेच आज सांगायचे आहे.

आमची लेक लहानपणापासून चष्मा लावते. नववीत तिचा नंबर उणे साडेपाचवर गेला. वर्गातल्या मुली तिला ‘सोडा-बाटली’ म्हणत. त्याचे तिने फारसे मनावर घेतले नाही, पण तिची खरी अडचण वेगळी होती. ती भरतनाट्यम शिकत होती. नाचताना चष्मा चालत नाही आणि चष्म्याशिवाय तिला रंगमंचाची कडाही दिसत नव्हती. एकदा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात ती पुढच्या समईला धडकता धडकता वाचली. त्यानंतर गुरुबाईंनीच सुचवले, “हिला लेन्स घ्या.”

२०१२ साली, ती पीयूसीला असताना, लेन्स आल्या. महिनाभर वापरून टाकून द्यायच्या अशा मऊ लेन्स. सहा लेन्सचा डबा, म्हणजे तीन महिन्यांची बेगमी, हजाराच्या घरात. शिवाय त्या धुण्याचे आणि बुडवून ठेवण्याचे सोल्यूशन निराळे. वहीत ‘लेन्स’ असा नवा रकाना पडला आणि तो दर तिमाहीला माझ्या डोळ्यांत खुपू लागला.

पहिले सहा महिने सगळे शिस्तीत चालले. मग माझे डोके चालू लागले.

लेन्स हातात घेऊन पाहिली, तर चांगली स्वच्छ, कुठे फाटलेली नाही. मग टाकायची कशाला? मी लेकीला म्हटले, “महिना काय कंपनीवाले लिहितातच. त्यांना माल खपवायचा असतो. वापर अजून पंधरा दिवस.” पंधराचे तीस कधी झाले, कळलेच नाही. पुढची पायरी सोल्यूशनची. रोज सकाळी डबीतले सगळे सोल्यूशन ओतून द्यायचे, हे माझ्या जिवावर येई. मी तिला सांगितले, “तेच राहू दे, वरून चार थेंब नवे घाल.” विरजणाला कवडी लावावी, तशी आमच्या घरात त्या डबीला सोल्यूशनची कवडी लागू लागली! डबी बुळबुळीत झाली की मी ती बेसिनच्या नळाखाली धुऊन ठेवत असे. आणि महिनाअखेरीला बाटली संपली, की औषधाच्या दुकानातून साध्या सलाइनची बाटली आणायची. ती कितीतरी स्वस्त. पाण्यासारखे पाणी, त्यात फरक तो काय!

थेंबे थेंबे तळे साचे. वर्षभरात साधारण तीन हजार रुपये वाचले. मी ते वहीत लाल शाईने लिहिले होते.

२०१३चा दसरा झाला. डिसेंबरमध्ये लेकीचा रंगप्रवेश ठरला होता. अरंगेत्रमला इकडे रंगप्रवेश म्हणतात. सभागृहाचे पैसे भरून झाले होते, मिरजेहून नणंदा-भावजया यायच्या होत्या. एका रविवारी संध्याकाळी तालमीहून आल्यावर लेक म्हणाली, “आई, उजवा डोळा टोचतोय.” मी पाहिले, थोडा लाल होता. धूळ गेली असेल म्हणून गुलाबपाण्याची घडी ठेवली. सोमवारी सकाळी तिला डोळा उघडवेना. खिडकीचा पडदा सरकवला, तर ती किंचाळलीच.

रिक्षाने नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब घातला आणि निळ्या प्रकाशात पाहिले. मलाही भिंगातून दाखवले. बुबुळाच्या काचेसारख्या पडद्यावर हिरवा ठिपका चमकत होता. ती जखम होती, जंतूंनी केलेली. त्यांनी विचारले, “लेन्स कुठे आहे? डबी आणली?” मी पर्समधून काढून दिली. त्यांनी झाकण उघडले, आत पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरलेले नाही.

जखमेचा कण आणि डबीतले पाणी, दोन्ही तपासायला गेले. दोन्हीत एकाच जातीचे जंतू निघाले.

पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री दर अर्ध्या तासाला थेंब घालायचे होते. नंतर दर तासाला. हे रात्री दोनपर्यंत जागत, मग मी. गजर लावून, बॅटरीच्या मंद उजेडात, कण्हणाऱ्या लेकीची पापणी उचलायची आणि थेंब सोडायचा. ज्या थेंबांची मी वर्षभर बचत केली, ते सगळे त्या रात्रींनी वसूल केले.

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. मी यांना म्हटले, “अहो, ती मला नवी जोडी मागत होती. मीच नाही म्हटलं.” हे काही बोलले नाहीत. फक्त वही उचलून कपाटात ठेवून दिली.

डॉक्टर चांगले होते. रागावले नाहीत, पण एक-एक चूक उलगडून सांगितली. लेन्स दिसायला स्वच्छ असली तरी अश्रूंतली प्रथिने आणि चरबी तिच्यावर थरासारखी साचत जाते. त्या थरात जंतूंना आसरा मिळतो आणि डोळ्याला हवा कमी पडते. ‘महिन्याची’ म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना. मधे चार दिवस घातली नाही, तरी दिवस मोजायचेच. सोल्यूशनमध्ये जंतू मारणारे औषध असते, ते एका रात्रीत खर्ची पडते. जुन्यात नवे घातले, तर सगळेच निकामी. सलाइन लेन्स ओली ठेवते, पण त्याने जंतू मरत नाहीत. आणि नळाचे पाणी तर मुळीच नको. त्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो डोळ्यात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात. आमच्या नशिबाने जंतू साधे होते.

“नीरु बेडा, अम्मा,” ते कन्नडमध्ये म्हणाले. पाणी नको! आमच्या येलहंकाचे बोअरचे पाणी स्टीलच्या पेल्यावर पांढरे डाग ठेवते, हे मी रोज पाहत होते. पण लेन्सचा आणि त्या पाण्याचा विचार काही जोडला नव्हता.

पुढे मला कळले, की अशी चूक करणारी मी एकटी नव्हते. अमेरिकेत १९८०च्या दशकात अनेक लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाइन करत, कारण ते स्वस्त पडे. त्यातूनच या अमीबाने कित्येकांचे डोळे धरले आणि घरगुती सलाइन वापरू नका असे सांगावे लागले.

लेन्सच्या गोष्टीतली एक काटकसर मात्र मला फार आवडते. या मऊ लेन्सचा शोध लावणारे ओटो विख्तर्ले हे चेक शास्त्रज्ञ. संस्थेत या कामाला पाठिंबा उरला नाही, तेव्हा १९६१ सालच्या नाताळात त्यांनी घरीच यंत्र बनवले. मुलाचा यंत्रजोडणीचा खेळ, सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्स्फॉर्मर यांतून! त्यावर पहिल्या चार लेन्स तयार झाल्या. त्यांनी वाचवले ते यंत्रावर. डोळ्याला लागणाऱ्या वस्तूत त्यांनी उणे ठेवले नाही. माझे नेमके उलटे झाले होते.

लेकीची जखम भरायला पाच आठवडे लागले. रंगप्रवेश पुढे ढकलला, सभागृहाचे आगाऊ पैसे बुडाले. औषधे, तपासण्या, रिक्षा सगळे धरून साडेसोळा हजार खर्च झाला. चार आण्याची कोंबडी अन्‌ बारा आण्याचा मसाला! पण पैशांचे सोडा. बुबुळावर एक पुसट डाग राहिला, तो आजही आहे. डॉक्टर म्हणाले, “बाहुलीच्या थोडा बाजूला आहे म्हणून बरं. मधोमध असता, तर नजर कायमची अधू झाली असती.”

मग मी वही पुन्हा काढली. लेन्स सोडायला लेक तयार नव्हती आणि मी पण तिला सोड म्हटले नाही. नाच तिचा जीव होता. मात्र या वेळी डॉक्टरांना विचारून काटकसर करायची ठरवली. आणि खरे सांगते, ती साधली.

सगळ्यांत मोठी बचत चष्म्याने केली. लेक कॉलेजला, घरी, घरच्या सरावालासुद्धा चष्मा लावू लागली. सरावाला मागे रबरी पट्टा बांधायचा. काच पातळ घेतली, त्यामुळे सोडा-बाटलीही गेली. लेन्स फक्त रंगमंचावरच्या तालमीला आणि कार्यक्रमाला, म्हणजे महिन्यातून चार-पाच वेळा. एवढ्यासाठी एकाच दिवसाच्या लेन्स घेतल्या. सकाळी पाकीट फोडायचे, रात्री टाकून द्यायच्या. किंमत जवळजवळ महिन्याच्या जोडीइतकीच पडली, पण सोल्यूशन आणि डबी यांचा खर्च संपूर्ण वाचला. रोज लेन्स घालणाऱ्यांना मात्र महिन्याच्याच परवडतात, हेही हिशेब करून पाहिले. एका दिवसाची लेन्स दुसऱ्या दिवशी घालायची नाही, हा मोह मात्र आवरावा लागतो.

माझ्या भाचीला रोज लेन्स लागतात. तिला मी शिकवले ते असे. लेन्सचा कागद डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्यावा. चष्म्याचा नंबर लेन्सला तसाच लागू पडत नाही. माझ्या लेकीचा चष्मा साडेपाच, पण लेन्स सव्वापाच. शिवाय लेन्सची गोलाई आणि व्यासही त्यावर हवा. तो कागद घेऊन दोन-तीन दुकानांत भाव विचारावा, फरक पडतो. एकदम जास्त डबे घेतले तर सूट मिळते, पण नंबर बदलत असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. मुदतीची तारीख आणि सील पाहावे. रोज वापर असेल तर सोल्यूशनची मोठी बाटली स्वस्त पडते. कधीमधी वापर असेल तर लहानच घ्यावी, कारण उघडल्यावर ठरावीक दिवसांत ती टाकावीच लागते. किती दिवस, ते बाटलीवर लिहिलेले असते. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर घालावी. पुष्कळदा मोठ्या बाटलीबरोबर नवी डबी फुकट येते. मग तीन महिन्यांनी जुनी टाकायला जीव कशाला खालीवर व्हावा!

लेन्स हरवणे आणि फाटणे हाही खर्चच. नखे बारीक ठेवावीत, हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि बेसिनच्या जाळीवर एक ताटली उपडी घालावी. आमच्या घरी असे दोन लेन्सनी जलसमाधी घेतली होती. काजळ आणि मेकअप लेन्स घातल्यावर, आणि तो पुसायचा लेन्स काढल्यावर. डबी सोल्यूशनने खळबळून, स्वच्छ टिश्यूवर उपडी वाळवायची. लेन्स घालून झोपायचे नाही. मैत्रिणीची रंगीत लेन्स लग्नात एक तासासाठीसुद्धा घालायची नाही. आणि वर्षातून एकदा डोळे तपासायची फी कधीही वाचवायची नाही.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. लेन्स आणि डबी बरोबर न्यावी. गुलाबपाणी नको, दुकानदाराने दिलेले थेंब तर नकोच. माझी ती एक रात्र वाया गेली नसती, तर डाग कदाचित आणखी लहान राहिला असता.

लेकीचा रंगप्रवेश २०१४च्या डिसेंबरात झाला. मी पहिल्या रांगेत होते. तिची नजर कोपऱ्यातल्या समईपासून वरच्या कमानीपर्यंत फिरत होती, आणि मी नाच सोडून तिच्या उजव्या डोळ्याकडेच पाहत होते.

आता तिचे लग्न झाले आहे, हेही निवृत्त झालेत. वही अजून चालू आहे. बेसिनच्या आरशावर लेकीने तेव्हा चिकटवलेली ‘नीरु बेडा’ ही चिठ्ठी आम्ही काढलेली नाही. परवा ती आली होती. झोपायच्या आधी लेन्स काढताना मला हाक मारून म्हणाली, “आई, बघ गं, डबीतलं सोल्यूशन सगळं ओतून दिलंय!”

मी म्हटले, “ओत बाई. खुशाल ओत.”